पाटणादेवीला राहिलेली मुलगी

मी ते खोटं बोललो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मास्तरकीला लागून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. पुढे चौतीस वर्षं शिकवलं, निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेतलं, ‘आदर्श’ वगैरे शब्द ऐकून घेतले. त्या दिवशीची गोष्ट मात्र घरातसुद्धा कधी नीट सांगितली नाही. सांगायला बसलो की मधलाच काही भाग गाळून पुढे जायचो. आज गाळत नाही.

एरंडोलपासून दोन कोसांवर आमची शाळा. पहिली ते सातवी, पत्र्याच्या पाच खोल्या, पुढे एक कडुनिंब. आम्ही चार शिक्षक. निवृत्तीला चारच महिने उरलेले मुख्याध्यापक, ज्यांना गावात सगळे ‘मोठे गुरुजी’ म्हणत, दुसरे एक वयस्क शिक्षक, ज्यांना आम्ही ‘नाना’ म्हणायचो, तिसरा मी. आणि त्या जूनमध्ये जळगावहून नव्यानं रुजू झालेल्या एक बाई. बाई माझ्याच वयाच्या होत्या. हसऱ्या, स्वच्छ बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर आपण खेडवळ दिसू नये म्हणून मी रोज दाढी करायला लागलो होतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. डिसेंबरात सहावी-सातवीची सहल निघाली. अजिंठ्याला आधीच्या दोन सहली जाऊन आल्या होत्या, म्हणून मोठ्या गुरुजींनी चाळीसगावजवळचं पाटणादेवी ठरवलं. तिथं देवीचं जुनं दगडी देऊळ आहे, भोवती सातमाळा डोंगररांगेचं दाट रान आणि कन्हेरगडाच्या अंगावर कोरलेली लेणी. अंधाऱ्या गुहा, मूर्ती, वटवाघळं, माकडं. पोरांना आणखी काय हवं! एसटी ठरली, अडतीस मुलं झाली, आणि मला कुणीही न सांगता मी एक तयारी केली. माझे मेहुणे सुरतेला गिरणीत होते. त्यांनी दिवाळीला मला एक काळा गॉगल दिला होता. तो मी ट्रंकेत जपून ठेवला होता. सहलीच्या दिवशी पहाटे तो शर्टाच्या खिशात घातला आणि भडगाव मागे पडून नीट उजाडल्यावर डोळ्यांवर चढवला.

“अरे वा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तर ओळखूच येत नाही.”

त्या दोन शब्दांवर मी चाळीसगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं. सातवीत होती. तिचं कुटुंब मूळचं सातपुड्याच्या पायथ्याचं. बाप आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता. तिथंच मळ्यात त्यांची झोपडी होती. घरात त्यांची बोली वेगळी. गावात मिसळायला म्हणून पोरीनं आमची अहिराणी उचलली होती, पण तिचा हेल वेगळा यायचा आणि पोरं हसायची. त्यामुळे ती वर्गात बोलतच नसे. पट्टीच्या टोकाला बसायची, विचारलं तर पाटीवर लिहून दाखवायची. उत्तर बहुतेकदा बरोबर असायचं. मी तिला हुशार म्हणून ओळखत होतो, पण वर्षभरात तिच्याशी दहा वाक्यंही बोललो नसेन.

पाटणादेवीला गाडीतून उतरलो आणि ती मुलगी निराळीच झाली. देवीचं दर्शन झालं, गडाची वाट सुरू झाली आणि आमच्या रांगेच्या पुढं ही चालायला लागली. हे अंजन, हा धावडा, ही सालई. झाडांची नावं ती न विचारता सांगू लागली. धावड्याच्या सालीवरचा डिंक तिनं नखानं काढून बाईंच्या तळहातावर ठेवला. बिब्याच्या झाडाखाली पडलेली पिवळी फुलं उचलून म्हणाली, “ही भाजीसन खातस. गोड लागतस. पन काळी बी तोंडले लावू नका, फोड येस.” एका मोहाच्या खोडावर लांब ओरखडे होते. तिनं त्यावर हात फिरवला. “अस्वल चढनं व्हतं. जुनं शे.” मुलं एकदम गप्प झाली आणि तिच्या जवळ सरकली. वर्षभर तिच्या हेलाला हसणारी पोरं!

बाईंना फार कौतुक वाटलं. त्या तिच्याबरोबरच चालायला लागल्या. “हे कशाचं झाड गं? आणि ते?” मी मागून गॉगल लावून चढत होतो. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मुलीच्या पायात चप्पल नव्हती आणि तरी ती दगडांवरून अशी चढत होती, की माझीच धाप मला ऐकू येत होती.

लेण्यांत पोचलो. बाहेर लख्ख ऊन आणि आत पाऊल टाकलं की काही दिसेना. मी गॉगल काढला. दगडाचा गारवा, वटवाघळांचा उग्र वास, छताशी फडफड. मोठ्या गुरुजींनी विजेरी फिरवली तसे खांब दिसले, मग मांडी घालून बसलेल्या मूर्ती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या की हजार, यावर मोठे गुरुजी आणि नाना यांचा थोडा वाद झाला. मुलांना वह्या काढून चित्रं काढायला सांगितली. एका मुलाचं शाईपेन फुटलं, त्याचा हात धुवायला पाणी हवं म्हणून मी दोन्ही हात मोकळे केले आणि गॉगल मूर्तीच्या बैठकीवर ठेवला. देवाजवळ आपली चैनीची वस्तू ठेवतोय, हेही मनात आलं होतं. तरी ठेवला.

खाली उतरलो ते एकच्या सुमाराला. देवळाजवळच्या झाडांखाली डबे उघडले. कळण्याच्या भाकरी, ठेचा, पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेव. जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, “फोटो काढू या का सगळ्यांचा? नानांनी कॅमेरा आणलाय.” मी खिशात हात घातला. खिसा रिकामा.

मी काय करायला हवं होतं ते सांगतो. मोठ्या गुरुजींना सांगून स्वतः वर जायला हवं होतं, नाहीतर गॉगल सोडून द्यायला हवा होता. मोठ्या गुरुजींनी सकाळीच बजावलं होतं, रान आहे, एकाही मुलाला एकटं सोडायचं नाही. मी यातलं काहीच केलं नाही. मी इकडे-तिकडे पाहिलं. ती मुलगी झऱ्याच्या कडेला डबा घासत होती. मी जवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, “वरच्या गुहेत माझा गॉगल राहिलाय. मोठ्या मूर्तीच्या बैठकीवर. तुझे पाय झपाझप चालतात. जा, घेऊन ये. आणि कुणाला सांगू नकोस.”

तिनं मान डोलावली, डबा तिथंच एका दगडावर पालथा घातला आणि गेली. ‘कुणाला सांगू नकोस’ हे मी दोनदा म्हणालो, हे मला आजही आठवतं.

दुसऱ्या कुणाला का नाही पाठवलं? तगडे चार मुलगे होते, त्यांना जोडीनं धाडता आलं असतं. मी स्वतःला सांगायचो, तीच चपळ होती, तिला रानाची सवय होती. ते खरंच होतं. पण सकाळपासून बाई तिच्याच सोबत होत्या, हेही खरं होतं. यातलं किती खरं माझ्या मनात होतं, मला सांगता येत नाही.

फोटो झाला. मी शेवटच्या रांगेत उभा होतो. तो फोटो नंतर शाळेच्या भिंतीवर टांगला गेला. त्यात सदतीस मुलं आहेत, कुणी कधी मोजली नाहीत.

मग माकडांनी घोळ घातला. एक मोठा हुप्प्या खाली उतरला आणि एका मुलीची शेवेची पिशवी ओढायला लागला. ती किंचाळली, मुलं दगड घेऊन धावली, नानांनी काठी फिरवली, एक मुलगा पडून गुडघा फोडून बसला. त्याला हळद लावतोय तोवर ड्रायव्हर येऊन म्हणाला, “गुरुजी, निघा आता. गाडी वेळेवर डेपोत लावायची आहे, उशीर झाला तर बोलणी मला बसतील.” ठरल्यापेक्षा तासभर आधीच सगळ्यांची आवराआवर सुरू झाली. माझ्या डोक्यातून ती मुलगी गेली. सांगायला फार साधं वाटतं, पण खरोखर तसंच झालं. गेली. जसं काही मी तिला कुठं पाठवलंच नव्हतं.

नाना गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, “मोजलीस का रे पोरं?”

मी पायरीवरून आत नजर टाकली. पोरं उठत होती, बसत होती, खिडकीसाठी भांडत होती. पुढून तिसऱ्या बाकावर बाईंनी आपली पिशवी मांडीवर घेऊन शेजारची जागा रिकामी केली होती.

“मोजली,” मी म्हणालो. “अडतीस. बरोबर आहेत.”

वाटेत गाण्याच्या भेंड्या झाल्या. मीही गायलो. मला गाता येत नाही, तरी गायलो.

चाळीसगावला चहासाठी गाडी थांबली. मी उतरलो आणि टपरीच्या पत्र्यावरून उन्हाची तिरीप सरळ डोळ्यांत आली. हात आपसूक खिशाकडे गेला. आणि त्या क्षणी मला कळलं.

चहाचा ग्लास हातात होता. सगळ्यात लाज वाटते ती पुढच्या पाच मिनिटांची. मी लगेच ओरडलो नाही. तो चहा मी पूर्ण प्यालो. पिता पिता विचार करत होतो की हे कसं सांगायचं, आणि त्यातला ‘कसं’ म्हणजे ‘आपल्यावर न येता कसं’. तिकडे एक मुलगी रानात एकटी, अठरा किलोमीटरवर, आणि मी वाक्यं जुळवत होतो.

मग मी गाडीत चढलो, मुलं पुन्हा मोजल्यासारखं केलं आणि खाली येऊन म्हणालो, “मोठे गुरुजी, एक मुलगी कमी दिसते.”

कोण कमी ते तिच्या वर्गातल्या मुलींनी लगेच सांगितलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मोठ्या गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. चार महिन्यांवर निवृत्ती आलेला माणूस.

“तू मोजली होतीस ना?” नानांनी विचारलं.

“मोजली होती. तेव्हा अडतीस भरली होती,” मी म्हणालो. “नंतर उतरली असेल. सकाळपासून रानात पुढं पुढं पळत होती, बघितलंत ना तुम्ही.”

गाडी वळवली. ड्रायव्हरनं डेपोचं नावही काढलं नाही, तो माणूस भला होता. बाई माझ्या शेजारी बसून पुटपुटत होत्या, बहुधा देवीचं नाव घेत होत्या. मला आठवत होते ते मोहाच्या खोडावरचे ओरखडे. मी मनात नवस बोललो. नवसातसुद्धा पहिलं काय मागितलं असेल? ती सापडू दे, हे मागितलं. पण त्याच्या पाठोपाठ, तिनं काही सांगू नये, हेही मागितलं.

पाटणादेवीला पोचलो तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर चढलं होतं आणि खाली सावली पसरली होती. सकाळी जिथं आमची गाडी उभी होती तिथंच ती जमिनीवर बसली होती. गुडघे छातीशी घेतलेले. शेजारी देवळापुढं नारळ-फुलं विकणारी म्हातारी बसून राहिली होती. आपली टोपली तिनं कधीच आवरली होती, पण पोरीला सोडून घरी गेली नव्हती.

म्हातारी उठली आणि आमच्यावर कडाडली. “कसा मास्तर शेतस तुम्ही? गाडी गई आनि घडीभरमा ही पोर पयत उनी. पार वयनलोंग गाडीमांगे पयनी. मंग अठे यीसन बसनी. पानी दिधं, पेनी नही. रडनी बी नही.”

वळणापर्यंत ती गाडीमागं धावली होती. आम्ही तेव्हा भेंड्या खेळत होतो.

मोठे गुरुजी सगळ्यांत आधी उतरले होते. ते तिच्यापाशी गेले, ती उठून उभी राहिली, आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. रागानं नव्हे, मला माहीत आहे, भीतीनं. “कुठं गेली होतीस? कुणाला विचारून गेली होतीस? तुला काही झालं असतं तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं मी?”

तिनं माझ्याकडे पाहिलं.

तिचा उजवा हात परकराच्या खिशात होता. खिसा फुगलेला दिसत होता. तिनं हात बाहेर काढला असता, एवढंच पुरेसं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, काही मागितल्यासारखं नव्हे, परवानगी विचारल्यासारखं. वर्गात उत्तर द्यायच्या आधी ती अशीच बघायची. आणि मी दुसरीकडे, डोंगराकडे पाहिलं.

“बोल ना,” मोठे गुरुजी म्हणाले.

ती बोलली नाही. मी सांगितलं होतं ना, कुणाला सांगू नकोस.

सगळे गाडीत चढायला लागले. ती शेवटी राहिली आणि मी दाराशी होतो. तिनं खिशातून रुमालात बांधलेलं काही काढून माझ्या हातात दिलं. “गुरुजी, मूर्तीमांगे पडेल व्हता,” ती हळूच म्हणाली. “अंधारमा हात घालीसन काढा. म्हनीसन उशीर व्हयना.” ती माझी क्षमा मागत होती. तिच्या हाताच्या मागच्या बाजूला कोपरापर्यंत खरचटलेलं होतं. मी तो रुमाल पटकन खिशात कोंबला. रुमालसुद्धा परत दिला नाही.

परतताना ती मोठ्या गुरुजींच्या शेजारी, पुढच्या बाकावर बसली. बाईंनी आपली शाल तिला पांघरली आणि त्या तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या शेजारची जागा घरी येईपर्यंत रिकामीच होती.

सोमवारी प्रार्थनेला मोठ्या गुरुजींनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. शिस्त न पाळणाऱ्या मुलामुळे किती जणांचे प्राण कंठाशी येतात, यावर ते बोलले. ती कडुनिंबाखाली मान खाली घालून उभी होती आणि मी पहिलीच्या रांगेमागं. वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ‘मीच पाठवलं होतं तिला.’ चार शब्द. प्रार्थना संपली, पोरं वर्गात गेली, मीही गेलो.

दुपारी तिचा बाप शाळेत आला. उंच, काटक माणूस, डोक्याला मुंडासं. मळ्यातून तसाच आला होता, पायांना ओल्या मातीचे थर. एका फडक्यात बोरं बांधून आणली होती. ती त्यानं मोठ्या गुरुजींच्या टेबलावर ठेवली आणि दारातच हात जोडून उभा राहिला.

“मनी पोरनी तुमले भलता तरास दिधा,” तो म्हणाला. “लहान शे, समजत नही तिले. पन शाळामाईन काढू नका, गुरुजी.” मग तो माझ्याकडे वळला. मलाही त्यानं हात जोडले. “तुम्ही बी माफ करा.”

मोठे गुरुजी विरघळले. “असू दे, असू दे, आबा. पोर आहे, चुकतं,” म्हणाले. बोरं सगळ्यांना वाटली. मला मूठभर मिळाली. ती मी खाल्ली. न खावीत तर कुणी विचारेल, असं वाटलं.

एवढ्यावर ती गोष्ट मिटली, असं मी धरून चाललो होतो. संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाल्यावर एके दिवशी शाळा सुटल्यानंतर बाई हजेरीपट लावत होत्या आणि मी खिडक्या बंद करत होतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, “तुमचा गॉगल दिसत नाही हल्ली.”

“ऊन नाही ना तेवढं,” मी म्हणालो.

“त्या दिवशी फोटोच्या वेळी तुमच्याकडे नव्हता,” बाई म्हणाल्या. “तुम्ही खिसे चाचपत होतात. आणि निघताना गाडीच्या दारात त्या पोरीनं तुमच्या हातात काहीतरी दिलं. मी खिडकीतून बघत होते.”

मी खिडकीची कडी तशीच धरून उभा राहिलो.

“मला वाटलं, गाडीत सांगाल. मग वाटलं, प्रार्थनेला तरी सांगाल. बाप आला तेव्हा तर मला खात्रीच होती.” त्यांनी हजेरीपट कपाटात ठेवला. “मीसुद्धा बोलले नाही. म्हटलं, तुमचं तुम्ही बोलाल. चुकलंच माझं.”

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पुढच्या जूनमध्ये त्यांनी बदली मागून घेतली. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. माझ्यामुळे थांबल्या मात्र नाहीत.

बाईंच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो. धीर आला म्हणून नव्हे. बाईंना ठाऊक आहे, ही भीती मागे लागली म्हणून. तिचा बाप केळीच्या वाफ्यांना पाणी देत होता. मला बघून फावडं ठेवून धावत आला. गुरुजी घरी आले म्हणजे पोरीनं आणखी काही केलं, असंच त्याला वाटलं असणार. मी बांधावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गॉगल, गुहा, ‘कुणाला सांगू नकोस’, न मोजलेली मुलं, सगळं.

तो खाली बघून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “ते माले ठाऊक शे, गुरुजी.”

“कसं?”

“तिनी त्याच रातले मायले सांगं. हात खरचटेल व्हता ना, तवय इचारं आम्ही.”

“मग तुम्ही शाळेत येऊन माफी कशाला मागितलीत? माझी माफी मागितलीत तुम्ही!”

वाफा भरून वाहायला लागला होता. त्यानं पायानंच माती सारून पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. “खरं सांगतू तं तुमनं नाव खराब व्हतं, मंग तुम्ही तिनावर राग धरतात. मंग तिले कोन शिकाडतं? दोन शब्द बोलाले माले काय लागस?” मग एकदम काकुळतीला येऊन म्हणाला, “आते तुम्ही कोठे बोलू नका. मोठा गुरुजीले सांगू नका. तिनी परीक्षा व्हऊ द्या.”

मी ‘बरं’ म्हणालो. आणि मला हलकं वाटलं. त्याच्या विनंतीच्या आड मला लपायला जागा मिळाली होती, हे मला तिथंच, बांधावर उभ्या उभ्या समजलं होतं, तरी हलकं वाटलं. झोपडीच्या दाराशी ती मुलगी बसून भाकरी खात होती. तिनं मला पाहिलं आणि पदर नसतानाही पदर ओढल्यासारखी मान वळवून आत गेली.

मार्चअखेर मोठे गुरुजी निवृत्त झाले. परीक्षा उरकेपर्यंत ते येत राहिले, कागदपत्रं निस्तरत. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं. त्यांना काही सांगितलं नाही. ती थप्पड आपण अपराधी मुलीला मारली, असंच समजून ते पुढं दहा-बारा वर्षं जगले आणि गेले.

ती सातवी पास झाली. वर्गात तिसरी आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांची वर्षं संपतात, नवे करार होतात. तिच्या बापानं त्या आखाजीला नवं साल धरलं नाही. ते आपल्या गावी, सातपुड्याकडे परत निघाले होते. तिच्या मामाच्या गावाजवळ आठवीची सोय आहे, असं कुणीतरी म्हणालं. मी खात्री करून घेतली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बाप-लेक शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. दाखले लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी टाक घेतला, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, इयत्ता लिहिली. वर्तणुकीचा रकाना आला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून नाना, जे आता मुख्याध्यापकांच्या जागी होते, सहज म्हणाले, “‘बरी’ लिही. ती सहलीची भानगड झाली होती ना तिची.”

मी ‘उत्तम’ लिहिलं.

नानांनी दाखला हातात घेतला, त्या शब्दावर थांबले, चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणालो नाही. तेव्हाही म्हणालो नाही. नानांनी सही करून शिक्का मारला.

मुलीनं दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटपर्यंत पोचली तशी तिनं मान वर केली. ती काही म्हणेल, असं मला वाटलं. तिनं वाकून नानांना नमस्कार केला, मग मला केला, आणि दाखल्याची चौपदरी घडी घालून बापाच्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं तो कागद मुंडाशात खोवला आणि दोघं कडुनिंबाखालून रस्त्याला लागले.